मुहूर्त पलटण काढते

फौजीच्या लग्नाची बैठक बसली की पंचांग सगळ्यांत शेवटी उघडतं. सुपारी फुटलेली असते, मुलीचे मामा तारखेसाठी अडून बसलेले असतात आणि मुलाचे वडील मात्र एकच वाक्य धरून असतात : "पोराला सुट्टी कधी मिळते ते कळू द्या." मग रात्री जेवणं झाल्यावर पोराचा फोन येतो. तोही सांगतो, "साहेबांना विचारून कळवतो." गुरुजी तिथी, नक्षत्र, गुरुबळ सगळं बघून देतात. पण शेवटचा शब्द असतो तो कंपनीच्या ऑफिसात लावलेल्या सुट्टीच्या तक्त्याचा. ज्या पट्ट्यानं पिढ्यान् पिढ्या मराठा लाइट इन्फंट्रीला माणसं दिली, तिथल्या आयाबायांना हे पाठ आहे. बाहेरच्या माणसाला मात्र फौजीचं लग्न म्हटलं की गणवेशातला नवरदेव आणि फोटो एवढंच दिसतं.

या लेखासाठी सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या काही घरांत जाऊन बसले. जवान सेवेत आहेत, म्हणून नावं, पलटणी आणि ठिकाणं दिलेली नाहीत. लोक मात्र मोकळेपणानं बोलले, विशेषतः बायका. त्यांना कुणी हे कधी विचारलेलंच नव्हतं.

आधी सुट्टीचा हिशोब समजून घ्यायला हवा, कारण सगळं त्यावर उभं आहे. जवानाला वर्षाला ६० दिवसांची ॲन्युअल आणि ३० दिवसांची कॅज्युअल सुट्टी असते. कागदावर हे भरपूर दिसतं. पण दोन्ही सुट्ट्या एकाला एक जोडता येत नाहीत. ॲन्युअल सुट्टी एकदम मिळेलच असं नाही, ती तुकड्यांत घ्यावी लागते. शिवाय पलटणीची ताकद कमी होऊ नये म्हणून एका वेळी ठरावीक माणसांनाच सोडतात. मराठा पलटणीत सगळ्यांनाच गणपतीला, दिवाळीला आणि गावच्या जत्रेला घरी जायचं असतं. एकाचं लग्न मे महिन्यात असेल, तर दुसऱ्या कुणाला आपली सुट्टी मागं सरकवावी लागते. कोरेगाव तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी मला सांगितलं की त्यांच्या कंपनीत लग्नाची अर्जी आली की बाकीचे आपणहून तक्त्यातून बाजूला व्हायचे. हुकूम कुणी द्यावा लागत नसे. "लग्न एकदाच, जत्रा दर वर्षी," असं ते म्हणाले.

उशीर झाला तर काय, हाही प्रश्न घरच्यांना पडतो. पुरेशा कारणाशिवाय सुट्टी संपल्यावर हजर न होणं हा १९५० च्या आर्मी ॲक्टच्या कलम ३९ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फौजेत त्याला नुसतं 'ओएसएल' म्हणतात. पूर्वी सुट्टी वाढवून घ्यायची तर गावाहून तार करावी लागे. १५ जुलै २०१३ ला देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा शहरांत लोक आठवण म्हणून तारा करायला रांगेत उभे राहिले. फौजींच्या गावांत मात्र ती काल-परवापर्यंत कामाची गोष्ट होती. आता फोन आहे. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी फोन वाजला तर तो काय सांगेल, ही धास्ती तेवढीच आहे.

सुट्टी मंजूर झाली म्हणजे माणूस घरी पोहोचला, असंही नाही. काश्मीरमधल्या तंगधारहून खाली यायचं तर साधना टॉप ओलांडावा लागतो, गुरेझहून यायचं तर राजदान पास. बर्फ पडलं की हे रस्ते बंद होतात. मग रस्ता उघडण्याची वाट, नंतर ताफ्याची, मग श्रीनगर, जम्मूचा ट्रान्झिट कॅम्प आणि तिथून पुण्याच्या झेलम एक्स्प्रेसमध्ये दोन रात्री. पुण्याहून पुढं एसटी. लेहचा जवान हिवाळ्यात विमानाशिवाय निघूच शकत नाही, आणि हवा बिघडली की विमान उडत नाही. तवांगकडच्या जवानांना सेला खिंडीचं असंच भय असायचं. मार्च २०२४ मध्ये सेला बोगदा सुरू झाला आणि तिकडची हिवाळ्यातली वाट बरीच सुकर झाली. तरी बर्फाचा असा नेम नसल्यामुळे जाणती घरं डिसेंबर-जानेवारीतला मुहूर्त धरतच नाहीत. मुलगा 'वर' असेल तर नाहीच. तुळशीचं लग्न लागलं की लगेचचा, नाहीतर थेट एप्रिल-मेमधला. तेही जमलं नाही तर गुरुजींकडून काढीव मुहूर्त.

यात बदलीचा हुकूम आला की सगळंच नव्यानं मांडावं लागतं.

एक घर मी जवळून पाहिलं. मुलगा नायक, वय सत्तावीस. शांततेच्या ठिकाणी, म्हणजे फौजेच्या भाषेत 'पीस'मध्ये, पलटणीबरोबर होता. तिथं रांगेत नाव लावलं असतं तर वर्षभरात फॅमिली क्वार्टर मिळण्याची आशा होती. मुलगी शेजारच्या तालुक्यातली, डी.एड. झालेली. क्वार्टर मिळेल, नवऱ्याबरोबर छावणीत राहता येईल, आर्मी स्कूलमध्ये जमलं तर नोकरी बघता येईल, असा तिचा हिशोब होता. साखरपुडा झाला आणि दीड महिन्यानं मुलाची पोस्टिंग राष्ट्रीय रायफल्समध्ये निघाली. राष्ट्रीय रायफल्सला स्वतःची भरती नाही; वेगवेगळ्या रेजिमेंटांतून जवान तिथं साधारण अडीच-तीन वर्षांसाठी जातात. मराठा लाइट इन्फंट्रीचेही जातात. आधी कोअर बॅटल स्कूलमध्ये प्रशिक्षण आणि मग काश्मीर. बायकोला तिथं नेता येत नाही.

दोन्ही घरांत चार दिवस कुणी धड जेवलं नाही. मुलीच्या वडिलांचं म्हणणं होतं की लग्न दोन वर्षं थांबवावं. मुलाच्या आईचं म्हणणं होतं की लग्न लावूनच पोराला पाठवावं. यातला एक जण चूक आणि दुसरा बरोबर, असं मला वाटलं नाही. बापाला लेकीची काळजी होती, आईला आपल्या लेकाची. शेवटी कुणीतरी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "दोन वर्षं माहेरी बसून वाट बघण्यापेक्षा त्यांच्या घरी राहून बघते. तिथं निदान फोन तरी माझ्या हक्काचा असेल."

मुलानं जुन्या पलटणीतून निघण्याआधीच सुट्टी मागितली आणि साहेबांनी ती दिली. मूव्ह ऑर्डर, सुट्टी आणि नव्या ठिकाणी हजर होण्याची तारीख यांची सांगड बसवून हाती आले अवघे अठरा दिवस. त्यात बस्ता, पत्रिका, देवक, हळद, लग्न, सत्यनारायण, गोंधळ आणि खंडोबाला जेजुरी. मी गेले तेव्हा सोप्यात रुखवत मांडलेलं होतं : लोकरीचे रुमाल, चकल्यांचं मखर, साखरेची तुळस. त्याला लागूनच भिंतीशी जवानाची काळी पत्र्याची पेटी, वर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा आणि नाव. ती आधीच भरून, कुलूप घालून तयार होती. येणारा पाहुणा रुखवत बघायचा आणि मग नकळत पेटीकडं बघायचा. नवऱ्या मुलाची वहिनी हळू आवाजात म्हणाली, "ताई, ती पेटी आत ठेवू म्हटलं तर दादा नको म्हणाले. म्हणाले, लपवून काय होणार?" ही वहिनीही फौजीचीच बायको. तिच्या लग्नानंतर तिचा नवरा अकराव्या दिवशी गेला होता. नव्या जावेला तिनं जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात नाही : संध्याकाळच्या बातम्या लावायच्या नाहीत, 'आज फोन नाही आला' हे सासूपुढं बोलायचं नाही, आणि कशावर सही करायची वेळ आली तर आधी वाचायचं.

शेवटच्या गोष्टीकडं पुढं येते.

मे २०२५ मध्ये हे सगळं एकदम साऱ्या महाराष्ट्रासमोर आलं. ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, सुट्ट्या रद्द झाल्या आणि ऐन लग्नसराईत गावोगावचे जवान माघारी बोलावले गेले. अंगाची हळद उतरायच्या आत निघालेल्या जवानांच्या बातम्या आल्या, स्टेशनवरचे फोटो आले, हारतुरे झाले. १० मे रोजी गोळीबार थांबला आणि बातम्याही थांबल्या. मागं राहिलेल्या नववधूंचं पुढं काय झालं, हे विचारायला फार कुणी गेलं नाही. या मुली हिमतीच्या आहेत, यात शंका नाही. पण हिमतीचं कौतुक करून आपण मोकळे होतो आणि त्यांना लागणारी साधी मदत राहून जाते, हे मला फार खटकतं.

साताऱ्याजवळचं अपशिंगे हे गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. ब्रिटिशांनी उभारलेलं स्मारक गावात आहे. ४६ घरांतल्या बायकांची नोंद मात्र कुठल्या दगडावर नाही. त्या काळात लग्नं लहानपणीच होत, त्यामुळे त्यांतल्या कितीतरी जणींनी नवरा ओळखण्याआधीच गमावला असणार. शंभर वर्षांत फोन आला, पेन्शन आली, कायदे आले. तरी लग्न झाल्या झाल्या सासरी एकटीनं राहायची रीत फारशी बदललेली नाही. जवान फील्डमध्ये असेल तर त्याच्या कुटुंबाला दुसऱ्या छावणीत वेगळं क्वार्टर मिळण्याची सोय आहे, पण तिथंही रांग आहे. आणि नव्या सुनेनं एकटीनं छावणीत राहावं हे आपल्याकडं पटकन मान्य होत नाही. मला विचाराल तर ज्या मुलीची तयारी आहे तिला जाऊ द्यावं. तिथं शेजारपाजारी सगळ्या तिच्यासारख्याच असतात, दवाखाना असतो, आणि नवऱ्याला सुट्टी थोडीच असली तरी ती दोघांना मिळते. गावच्या घरात तीच सुट्टी पाहुण्यांत संपते.

आता एक नवी गोष्ट या सगळ्यात शिरली आहे. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वयाची मुलं चार वर्षांसाठी अग्निवीर म्हणून घेतात. भरतीच्या वेळी मुलगा अविवाहित असला पाहिजे आणि चार वर्षांच्या सेवेत त्याला लग्न करता येत नाही. सुट्टी वर्षाला ३० दिवस. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुलं कायम होणार, बाकीचे सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी घेऊन घरी परतणार. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ च्या सुमारास सुरू झालं, म्हणजे तिची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस, २०२७ च्या सुरुवातीला भरतात.

पंचविशीच्या आत लग्न न होण्यात मुलाचं काही बिघडत नाही, हे मी मान्य करते. त्रास दुसरीकडं आहे. पूर्वी 'मुलगा फौजेत आहे' या तीन शब्दांवर सोयरिक जमायची. शेती करणाऱ्या मुलांना मुली मिळत नाहीत अशा काळातही फौजीला मिळायची, कारण पगार, पेन्शन आणि कॅन्टीन पक्कं होतं. आता मुलीचा बाप विचारतो, "परमनंट होणार का?" आणि याचं उत्तर मुलाकडं नाही, त्याच्या साहेबाकडंही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात मी अशी दोन घरं पाहिली, जिथं शब्द टाकून ठेवला आहे पण सुपारी फोडलेली नाही. मुलगी तिकडं वयानं वाढते आहे, मुलगा इकडं निवडीची वाट बघतो आहे. सरकारला ही अट ठेवायची असेल तर कायम होणाऱ्यांची निवड चार वर्षं भरण्याच्या पुरेशी आधी जाहीर करावी, एवढं तरी करता येण्यासारखं आहे.

लग्नाची शिक्षा बायकांना झाल्याचं उदाहरणही आपल्याच फौजेतलं आहे. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधल्या अधिकारी सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये, लग्न केलं म्हणून, सेवेतून कमी करण्यात आलं. १९७७ च्या एका लष्करी सूचनेचा आधार त्यासाठी घेतला होता. ती सूचना १९९५ मध्ये मागं घेतली गेली. सेलिना जॉन लढत राहिल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नियम उघड उघड मनमानी ठरवून त्यांना ६० लाख रुपये द्यायचा आदेश दिला. छत्तीस वर्षं लागली. लग्न आणि नोकरी यांतून एकच निवड, असं बाईला सांगणाऱ्या कुठल्याही कार्यालयात हा निकाल भिंतीवर लावावा, असं मला वाटतं.

आता ती सहीची गोष्ट.

आपल्याकडं नवरी घरात आली की ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं तिचं नवं नाव लिहितो. हौसेची गोष्ट आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण फौजीच्या घरात त्या नावामुळे पुढं काय होतं ते बघा. आधार कार्डावर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर नवं नाव, बँकेत तिसरंच स्पेलिंग. जवान सुट्टी संपवून परत जातो, पलटणीत लग्नाची नोंद करायची म्हणून घाईत एक दाखला देतो. ही नोंद 'पार्ट टू ऑर्डर'नं होते. रोजच्या बोलण्यात नुसतं 'पार्ट टू'. लग्न, मूल, घरातला बदल, सगळं त्यात येतं आणि तिथून रेकॉर्ड ऑफिसला जातं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. पत्नीचं ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड, क्वार्टरसाठीचा अर्ज, उपचार आणि उद्या वेळ आलीच तर फॅमिली पेन्शन, सगळं या एका नोंदीवर चालतं. ती नोंद नसेल तर हजार माणसांसमोर लागलेलं लग्न पलटणीच्या कागदावर लागलेलंच नसतं.

त्याच वेळी आणखी एक कागद बदलतो. भरती होताना मुलानं 'नेक्स्ट ऑफ किन' म्हणून आईचं किंवा वडिलांचं नाव दिलेलं असतं. लग्नानंतर तिथं बायकोचं नाव येतं. काही बरंवाईट झालं तर पहिली खबर तिला. वर सांगितलेल्या घरात मुलानं हे आईला लग्नाआधीच समजावून सांगितलं. आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तिचं नाव घाल. पण फोन दोघींचाही दे." मुलानं तसंच केलं. विम्याच्या नामांकनात त्यानं दोघींचे वाटे ठरवले आणि दोघींसमोर वाचून दाखवले. माझ्या मते त्या अठरा दिवसांतलं सगळ्यांत शहाणपणाचं काम ते होतं. ज्या घरांत हे बोललं जात नाही तिथं दुःखाच्या वेळी सासू-सून एकमेकींच्या विरोधात उभ्या राहतात. दोघी दुःखात असतात आणि दोघींनाही वाटतं की आपल्याला फसवलं.

कर्नल संतोष महाडिक यांना नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात वीरमरण आलं. ते साताऱ्याच्या पोगरवाडीचे. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक वयाची अट शिथिल होऊन चेन्नईच्या अकादमीत गेल्या आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे आणि असायलाच हवं. पण प्रत्येकीनं स्वाती महाडिक व्हावं, अशी अपेक्षा करणं बरोबर नाही. बहुतेक जणींना एवढंच हवं असतं की आपलं नाव कागदावर नीट असावं आणि सरकारी कार्यालयात गेल्यावर कुणी बसा म्हणावं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत नावातल्या फरकापायी प्रतिज्ञापत्रांचे कागद घेऊन बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या काही जणींच्या लग्नाला तीस-तीस वर्षं झालेली होती.

हे टाळणं अवघड नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे गावात ग्रामपंचायतीतच विवाह नोंदणी होते. वधूवर, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी, एवढ्यांच्या सह्या लागतात. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण ते जवान गावात असतानाच व्हायला हवं. विशेष विवाह कायद्यानं, म्हणजे रजिस्टर पद्धतीनं लग्न करायचं असेल तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न व्हावं लागतं. जवानाच्या सुट्टीत हे बसवायचं तर आदल्या सुट्टीपासूनच आखणी लागते.

ज्या घराची गोष्ट सांगितली तिथला मुलगा आता काश्मीरमध्ये आहे. मुलगी सासरी आहे आणि गावातल्याच शाळेत तात्पुरती शिकवते. तिनं माहेरचं नाव तसंच ठेवून फक्त आडनाव बदललं. ताटातल्या तांदळावर त्यानं तेच लिहिलं.

यंदा तुळशीची लग्नं लागली की गावोगाव फौजींची लग्नं निघतील. ज्यांच्या घरात असं लग्न आहे त्यांना माझी विनंती आहे : पत्रिका छापायला टाकण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन नोंदणीचा दिवस ठरवून या. मुलीचं नाव आधार, दाखला, बँक आणि पार्ट टू या चारही ठिकाणी अक्षर न् अक्षर एकच ठेवा. जवान परत निघण्यापूर्वी दाखल्याच्या दोन प्रती त्याच्या पेटीत आणि दोन प्रती सुनेच्या हातात द्या, सासऱ्यांच्या कपाटात नव्हे. आणि पलटणीतून पार्ट टू झाल्याचा निरोप येईपर्यंत त्याला दर फोनला याची आठवण करून देत राहा.